आईचा रोजचा प्रश्न

"वाढतायत का गं अजून?" मुलगी प्रयोगशाळेतून आली की तिनं चपला काढायच्या आत आईचा हाच प्रश्न.

"हो, वाढतायत! हाडाच्या कॅन्सरच्या पेशी आहेत त्या, सुखासुखी थांबतील होय? वाढ आवरणारा मायक्रोआरएनए त्यांच्यात कमी आहे, तो मी बाहेरून सोडतेय. पण काडीचा फरक नाही. आणि तू रोज तेच तेच विचारून डोकं नको खाऊस, आई."

एका संध्याकाळी मात्र ती दारातूनच ओरडली, "आई, सुटलो एकदाचे! वाढ थांबली. मेल्या सगळ्या!"



"सगळ्या? अगं, तुझ्या दादाच्या गाठीतल्या होत्या ना त्या? तो गेल्यावर त्याचं तेवढंच तर जिवंत होतं."