डबड्यातलं मैदान

"काका, तुम्ही श्वास घ्या. परीक्षा तिची आहे," डॉक्टर श्रुती म्हणाली.

कान्होजीराव कसला श्वास घेतात! सिटी सेंटरच्या त्या दवाखान्यात त्यांची हेमांगी डोळ्यांवर डबडं बांधून उभी होती. आत म्हणे अख्खं हॉकीचं मैदान होतं. ते डुलायचं, चेंडू अंगावर यायचे, आणि पोरगी किती डगमगते ते मशीन मोजायचं. मंगळवारी सरावात चेंडू तिच्या कानशिलावर बसला होता. बायको वनमाला गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. लेक कोसळली तेव्हा ग्वाल्हेरचा किल्लासुद्धा दोन बोटं खचला, असं कान्होजीराव शपथेवर सांगत.

हेमांगी डगमगली. डावीकडे तर पडलीच.

"संपलं," ते पुटपुटले. "खेळ जाऊ दे चुलीत, ताई. माझी पोर तेवढी परत द्या."

श्रुतीने पडद्यावर दोन रेघा आणल्या. "ही सीझनच्या सुरुवातीची, धडधाकट असतानाची. ही आजची. बघा, एकावर एक बसतात. तिचा तोल मुळातच जरा कच्चा आहे. डोकं ठीक आहे."

"कच्चा? अहो, ही हौदाच्या कठड्यावरून पळत सुटायची!"

"बापाला लेक सरसच दिसते, काका. माणूस खोटं बोलेल, मशीन नाही."

कान्होजीरावांनी मशीनला हात जोडले. चक्क जोडले, चप्पल काढून.

रविवारी फायनल. हेमांगी खेळली, जिंकली. मध्ये एकदा गोलपाशी डोक्यावर आपटली, पण उठली. बापाने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला आणि तिला स्कूटरवर मागे घेऊन ते खासगी बाजारातल्या घराकडे निघाले.

तिने त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. "हळू चालवा ना बाबा. नींद आ रही है."

"झोप, राणी. पण त्या दवाखान्यात जीव काढलास माझा. पडलीस तेव्हा वाटलं, गेली पोर हातची."

"अहो, सीझनची ती पहिली टेस्ट असते ना, त्यात आम्ही मुद्दाम पडतो. पूरी टीम. म्हणजे नंतर लागलं तरी मशीनला फरक कळत नाही, कोणी बाहेर बसवत नाही." ती हसली. शब्द जिभेवर जड झाले होते. "पण बाबा, परवा दवाखान्यात ना... मुद्दाम पडावंच लागलं नाही."