सांबाऱ्यातलं मीठ

"तुमच्या कावळ्याचा पोट भरलेला आसा. गावभर म्हाळ आसत. तेच्यासाठी माझ्या भैणीक कित्या अडवतास?" बाबली खेकसला.

गुरुदास कसला ऐकतोय! भावाचा, लवूचा पितृपक्षातला पहिला म्हाळ, आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवलेल्या पानाला कावळा शिवत नाही. माडावर बसून नुसता बघतोय. बायको, मथुरा, कायमची माहेरी निघालीय ते लवूला पसंत नाही, असं गुरुदासचं म्हणणं. तिने इथेच राहीन म्हणून कबूल करावं, की कावळा शिवलाच.

मथुरा दारात उभी होती. गाठोडं ओटीवर बांधून तयार. खाडीत बाबलीची होडी होती. भरती आहे तोवर तोंडवलीला निघायचं होतं.

लवू गलबतावर असायचा. पावसाळ्यात गलबत किनाऱ्याला ओढलं की घरी. त्याने पहिला घास घेतला की मथुरा त्याच्या हाताकडे बघायची. मीठ कमी झालं तर ताट भिंतीवर, जास्त झालं तर तिच्या अंगावर. बाबलीला हे कळलं ते लवू मेल्यावर, तिच्या मानेवरचा भाजल्याचा डाग दिसला तेव्हा.

मथुरा पायऱ्या उतरली. पानाकडे बघत राहिली. मग पान उचलून चुलीकडे निघाली.

"सांबाऱ्यात मीठ कमी पडला," ती म्हणाली. "परत करतंय."

बाबली मागोमाग गेला. टोपातलं वाटाण्याचं सांबारं तळहातावर घेऊन चाखलं. मीठ अगदी बरोबर होतं. तसं त्याने तिला सांगितलं, मग ओरडून सांगितलं. तिने चिमूटभर मीठ टाकलं, एक कढ आणला, नवं पान वाढलं आणि गडग्यावर नेऊन ठेवलं.

ती पाठ फिरवते न फिरवते तोच कावळा उतरला. त्याने थेट सांबाऱ्यातच चोच घातली.

मथुराने तर काहीच कबूल केलं नव्हतं. घेऊन जा बाबा तुझ्या बहिणीला, असं पुटपुटत गुरुदास हात धुवायला गेला.

बाबलीने गाठोडं उचललं. "चल गो, भरती चुकतली."

मथुरा कावळ्याकडेच बघत होती. तिचा चेहरा इतका निवांत त्याने कधी पाहिला नव्हता.

"बघलंस मां?" ती म्हणाली. "मिठाचीच चूक होती. ते उगीच मारीत नाय होते."

तिने त्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, ओटीवर ठेवलं आणि गाठ सोडायला बसली.

खाडीचं पाणी ओसरायला लागलं होतं.

"माका आता जावक होया," बाबली म्हणाला.