आठ याद्यांची एक यादी

"आई, शुक्रवारपर्यंत काय ते सांग. नाहीतर मागची खोली मी भाड्यानं देते," टेस म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लेक ॲडलेडला, ग्लेनिस टास्मानियात, कॉर्बेट्स इनलेटला. मध्ये नुसता समुद्र असता तर ग्लेनिस केव्हाच ओलांडून गेली असती. मध्ये आठ याद्या होत्या.

गावचा किनारा राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेच्या या याद्या. एका पत्त्यावर मेल टाकायची, ती त्या यादीतल्या सगळ्यांना जायची. पण जायची ती ग्लेनिसनं वाचून पुढे सोडल्यावरच. वाळूत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची एक यादी. मोकाट कुत्र्यांची दुसरी. रोपं लावणाऱ्यांची तिसरी आणि त्याच रोपांना पाणी घालणाऱ्यांची चौथी. माणसं मात्र सगळीकडे तीच चोवीस. एक अंडं फुटलं की प्रत्येकाला ते आठदा कळायचं आणि प्रत्येकजण आठदा हळहळायचा. एक ना धड भाराभर चिंध्या!

सुरुवात झाली कॉलिन गेला तेव्हा. नवऱ्याला पुरून नऊ दिवस होत नाहीत तोच अध्यक्ष मर्व्ह भाजलेल्या मटणाचं भांडं घेऊन दारात उभा. "ग्लेनिस, एक यादी सांभाळशील? दुसरं कुणी नाही गं." जनाची नाही तर मनाची तरी! पण नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

मग दर वेळी तिनं जायचं नाव काढावं, आणि दर वेळी कुणीतरी नवी यादी तिच्या गळ्यात बांधावी. टेसला मुलगा झाला त्या वर्षी तर दोन निघाल्या. अकरा वर्षं अशीच गेली. रोज सकाळी ती मेल सोडत बसे आणि मनात म्हणे, मी उठले तर या म्हाताऱ्यांचं कसं होणार? कधीकधी तिला चक्क रडू येई.

या मंगळवारी मात्र सभेत ती उभीच राहिली.

"सगळ्या याद्यांची एकच करायची," ती म्हणाली. "मग ती कुणीही सांभाळेल. मर्व्ह, तूसुद्धा."

मर्व्ह चहात बिस्किट बुडवत होता, ते आतच राहिलं. "एवढी घाई काय आहे? तुझं छान चाललंय की."

"मला सुटायचंय, मर्व्ह. टेसकडे राहायचंय. नातू बिल्लू सात वर्षांचा झाला, मला तो फोनवरच ओळखतो."

"अगं, तिथला उन्हाळा सोसायचा नाही तुला," चिटणीस नोरीन म्हणाली. "आणि लेकीच्या घरी कौतुक चार दिवसांचं. पाचव्या दिवशी आपली भांडी आपणच घासायची."

"इथंही मीच घासते, नोरीन. तुमच्या कपांसकट."

लोक हसले. ग्लेनिस हसली नाही. संस्थेची एकही यादी वेगळी राहू नये, असा ठरावच तिनं मांडला. अनुमोदनाला कुणी हात वर करेना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी गेल्याच महिन्यात गावात आलेल्या एका बाईनं हात वर केला, आणि मग विरोध तरी कोण आणि कसा करणार?

"एक यादी झाली की मी घेतो," मर्व्ह पुटपुटला. कामचुकार मेला, असं ग्लेनिसच्या अगदी ओठावर आलं होतं.

नोरीनचं एक होतं. वीस वर्षांची चिटणीस. ठराव झाला की तिच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ. मनाला पटो न पटो, शब्दन् शब्द पाळायचा. दुसऱ्याच दिवशी तिनं संस्थेच्या यच्चयावत याद्यांचे पत्ते आणि पासवर्ड ग्लेनिसला पाठवून दिले.

ग्लेनिसनं मोजले. नऊ होते.

नववीचं नाव 'किटली'. हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. चहाच्या पाळ्यांची असणार, दुसरं काय! काढायची आपल्याला न विचारता आणि निस्तरायची आपणच. रागाच्या भरात तिनं आत डोकावूनही पाहिलं नाही. बाकीच्या आठांबरोबर तीही नव्या यादीत ओतून मोकळी झाली. आता जुन्या कुठल्याही पत्त्यावर काहीही पाठवा, ते थेट सगळ्यांना जाणार होतं. मध्ये ग्लेनिस नाही.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला काम संपलं. तिनं आधी टेसला फोन लावला.

"खोली देऊ नकोस कुणाला. मी येतेय."

"मागच्या वेळीही असंच म्हणाली होतीस, आई."

"या वेळी तिकीट काढते. आत्ता."

टेस म्हणाली, "बिल्लूला सांगू? नक्की ना? त्याला पुन्हा समजवायला मला जमणार नाही."

"सांग," ग्लेनिस म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं नव्या यादीवरची पहिली मेल लिहिली. आजपासून एकच यादी, ती मर्व्ह सांभाळेल, पुढच्या महिन्यात मी ॲडलेडला जाते आहे, सगळ्यांचे आभार.

सहा मिनिटांनी मर्व्हची मेल आली. ती 'किटली'च्या जुन्या पत्त्यावर टाकलेली होती.

"मंडळी, ग्लेनिस पुन्हा लेकीकडे जाते म्हणतेय. आपल्याला जड होऊ नये म्हणून म्हणते बिचारी. मनातून तिला इथंच राहायचंय. कॉलिन गेल्यावर हिला रिकामं बसू द्यायचं नाही असं आपण ठरवलं, आणि अकरा वर्षांत आठ याद्या काढल्या. मला तर आता त्यांत लिहायला विषयही सुचत नाही. मलाही ब्रिस्बेनला मुलाकडे जायचंय, पण हिला एकटं टाकून कसा जाऊ? तेव्हा आजच्या आज काहीतरी नवी यादी काढा. नोरीन, या वेळी पाळी तुझी आहे."