नावाला ओ

१९४४ च्या उन्हाळ्यात भाट चिमाजी बारा वर्षांनी गुंजवण्याला आले आणि रखमाजीच्या अंगणात घोंगडीवर बसून त्यांनी त्याच्या घराण्याची वंशावळीची वही उघडली. आधी सगळ्या पिढ्या मोठ्यानं वाचायच्या, मग नवी नावं लिहायची, अशी त्यांची रीत होती.

त्यांनी मूळपुरुषाचं नाव घेतलं, तशी घरातून ओ आली.

"आत कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई. घरात आमी दोघंच," रखमाजी म्हणाला. त्याची सून बाळाबाई त्याच्या मागंच उभी होती.

वाचन मधे सोडायचं नसतं, म्हणून भाट वाचत राहिले. पणजोबा, आजोबा. दर नावाला निराळ्या गळ्यानं ओ येत होती. बापाच्या नावाला आलेली ओ रखमाजीनं ओळखली. त्याचं स्वतःचं नाव आलं तेव्हा मात्र घर गप्प राहिलं.

आता खाली रखमाजीच्या मुलाचं, गेनूचं नाव होतं. तो लढाईवर गेला होता आणि दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं.

"गेलेलीच ओ देत्यात," बाळाबाई म्हणाली. "वाचा."

"गेनू रखमाजी."

तिघंही दाराकडं बघत राहिले. आतून काहीच आलं नाही. रखमाजीनं डोळे पुसले. बाळाबाई कितीतरी दिवसांनी हसली.

"आता गेनूचं कुटुंब लिवतो," भाट म्हणाले. "नाव काय तुजं, पोरी?"

तिनं सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"बाळाबाई."

ती अंगणात तोंड मिटून उभी होती. घरातून तिच्याच आवाजात ओ आली.