सव्वा तास

दोन सेन्सर बदलून झाले तरी गाडीतला इंजिन-बिघाडाचा दिवा लागतोच, असं सांगून मुलगा फोन कानाला लावत गॅरेजबाहेर गेला. या वेळीही दिवा गेला नाही तर रविवारी गाडी विकायची, हेही त्याने मिस्त्रीला बजावलं होतं. बाबांना या वयात गाडी हवी कशाला? बाबा शेजारीच होते. बॉनेटवर हात ठेवून ऐकत होते.

मिस्त्रीने स्कॅनर जोडला. बिघाडाचा कोड जुनाच निघाला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ठीक, मागचाही ठीक, दोन्ही कोरे करकरीत. बिचारे जुने सेन्सर खरं तेच सांगत होते, आणि आधीच्या गॅरेजवाल्याने त्यांनाच उपटून फेकलं होतं. आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, असं पुटपुटत मिस्त्रीने स्कॅनरवरचं पुढचं पान उघडलं. दिवा लागला त्या क्षणाचे आकडे गाडी जपून ठेवते. ते बघायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

वेग शून्य. इंजिन सुरू होऊन सव्वा तास.

"काका, गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवता का?"

"सकाळी. दहा मिनिटं. गार गाडीत बसायला हिला आवडत नाही."

मिस्त्रीच्या जिभेला हाड नव्हतं. दहा मिनिटं कसली, इथे सव्वा तास दिसतोय, असं म्हणत त्याने स्कॅनर म्हाताऱ्यापुढे धरला. "काकूंना एवढा वेळ लागतो आवरायला?"

"हो," म्हातारा म्हणाला. "हल्ली फारच उशीर लावते."

दोघंही हसले. म्हातारा जरा कमी हसला.

रोग सापडला म्हणून मिस्त्री खुशीत बाहेर गेला. गाडी रोज तासभर जागच्या जागी घुरघुरते, कन्व्हर्टर पुरता तापत नाही, आत काजळी धरते, हे त्याने मुलाला समजावलं. आईंना जरा लवकर आवरायला सांगा, असंही वर म्हणाला.

मुलाने फोन खिशात टाकला. "आईला जाऊन आठ महिने झाले," तो म्हणाला. बाबा रोज सकाळी गाडी काढतात एवढंच तो शेजाऱ्यांकडून ऐकून होता. ती गाडी दारातून हलत नाही, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

मिस्त्री कानकोंडा झाला. कुठून तोंड उघडलं, असं त्याला झालं. दोघांनी काचेतून आत पाहिलं. म्हातारा फडक्याने शेजारच्या सीटकडची काच पुसत होता.

"मग विकूच ना?" मुलाने विचारलं. आवाज मघाचा नव्हता.

"नका विकू. रोज अर्धा तास मोठ्या रस्त्याने पळवली तर बहुतेक काजळी जळून जाईल." मिस्त्रीने हात पुसले. "पण तिला बाहेर काढायला पाहिजे. दारात उभी ठेवून ती बरी व्हायची नाही."

चालत्या गाडीचे आकडे बघायचे होते. मिस्त्रीने म्हाताऱ्याला चालवायला बसवलं, स्वतः स्कॅनर घेऊन पलीकडून आला, दार उघडलं आणि बसायला म्हणून सीटवर हात टेकला. सीट गरम होती. सीट तापवायच्या बटणावरचा बारका दिवा लागलेला होता.

त्याने दार हलकेच लावलं आणि तो मागे जाऊन बसला. स्कॅनरची वायर दोन सीटांमधून ताणून मागे घेतली, तेव्हा जेमतेम पुरली. म्हाताऱ्याने आरशात त्याच्याकडे एकदा पाहिलं.

इंजिन चालू होतं. पाय ब्रेकवरून उठत नव्हता. मिस्त्री एरवी अशा वेळी चार शब्द बोलला असता. आज त्याने नुसता स्कॅनर मांडीवर सरळ केला.

म्हाताऱ्याने शेजारी पाहिलं.

"निघू का गं?"

मिस्त्रीने मान खाली घातली आणि आकड्यांवर डोळे ठेवले. वेग शून्य. शून्य. शून्य. मग चार.