दर दहावी खोली

"दहा," मधुसूदन देवधरांनी चिठ्ठी उलगडून जमलेल्या बायकांना दाखवली.

कासारवाडीतल्या त्या कारखान्याच्या वसाहतीत वीस चाळी होत्या, प्रत्येक चाळीत दहा खोल्या. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिथे काविळीने माणसं पटापट आजारी पडली. दोन बाया गेल्या. म्हणून आरोग्य खात्याने मृदुला सहस्रबुद्धेला पाहणीला पाठवलं. दोनशे घरं एका दिवसात होणार नव्हती. एक ते दहापैकी एक आकडा काढायचा आणि प्रत्येक चाळीतली त्या नंबरची खोली तपासायची, असं तिने सांगितलं. चिठ्ठ्या मात्र देवधरांनी आपल्या ऑफिसातून लिहून आणल्या. ते कारखान्याचे कामगार कल्याण अधिकारी होते.

"लबाडी हाय ही!" तानाबाई गर्दीतून पुढे आली. "धा नंबरात समदे मुकादम ऱ्हात्यात. त्यांचा नळ येगळा, थेट कारखान्यातनं येतो. टाकीचं पाणी आमी पितो. आजारी आमी हाय, बाई!"

"आकडा निघाला तो निघाला," मृदुला म्हणाली.

"माझी सून बघ, कस्तुरा. चार नंबरात पडलीय. सातवा म्हैना हाय, डोळं हळदीवानी झाल्यात. तेवढं तरी लिव."

"चार नंबर यादीत नाही."

तानाबाईने टाकीच्या नळाखाली तांब्या भरला आणि तिच्यासमोर धरला. "मग पी हे. पिऊन दाव."

मृदुलाने हात पुढे केला नाही.

"भ्याली! बघा, भ्याली!"

तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर आलं. तिने आधी कागद पुसले, मग चेहरा, आणि पहिल्या चाळीच्या टोकाकडे चालू लागली. मागून कुणीतरी थुंकलं.

दुपारपर्यंत वीस मुकादमांची घरं झाली. माणसं मोजली, प्रत्येकाचे डोळे पाहिले, पाणी कुठलं पिता ते विचारलं. कावीळ एकालाही नव्हती. परतताना चार नंबरच्या उंबऱ्यात तानाबाई बसली होती. आत कस्तुरा कण्हत होती. मृदुला थांबली नाही.

"सटवे, तुझ्या पोटी पोर न्हाई का?" तानाबाई मागून ओरडली.

ऑफिसात देवधरांनी अहवाल वाचला. तपासलेली माणसं एकशे बारा, आजारी शून्य. त्यांनी चहा मागवला.

"बायकांचं मनावर घेऊ नका. अडाणी आहेत. शेवटी आकडे ते आकडे."

"हो. तुमची सही लागेल. पाहणी तुमच्यासमोर, नियमाने झाली म्हणून."

देवधरांनी सही केली, वर शिक्का मारला.

मृदुलाने तो कागद पिशवीत घातला आणि दुसरा टेबलावर ठेवला. "ही तुमच्या दवाखान्याच्या वहीची नक्कल. सकाळीच उतरवून घेतली. दोन महिन्यांत काविळीचे त्रेसष्ट रोगी, सगळे टाकीवरचे. पण मुकादम औषधाला बाहेर जातात, असं तुमचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या घरी आजार नाही, म्हणजे दोष टाकीतच आहे, याचाच पुरावा मला मिळत नव्हता. तो आता तुमच्या सहीने मिळाला."

देवधरांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं.

"दुसरा कुठलाही आकडा निघाला असता तर मी अडकले असते," ती उठली. "टाकीला सील लावायला माणसं फाटकात आली आहेत. आणि कस्तुराला न्यायला गाडीही."