उजवा पाय

चालण्यातली खोट हेरून ती कशी घालवायची, यावरच तिचं संशोधन होतं. पक्षाघातानंतर बाबा उजवा पाय फरफटत चालायला लागले, तेव्हा ती हट्टालाच पेटली. "बाबा, तुम्हाला चारचौघांसारखं चालवून दाखवते की नाही बघा!" वर्षभर कॅमेऱ्यासमोर त्यांचं एकेक पाऊल तपासून तिने ते करून दाखवलं.

बाबांच्या वाढत्या विसराळूपणावर मात्र तिच्याकडे इलाज नव्हता. आज दुपारी घराचं दार सताड उघडं होतं आणि बाबा घरात नव्हते.

पोलीस चौकीत रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. पडद्यावर नुसती पाठमोरी गर्दी.

"ताई, लंगडतात वगैरे का? चालीवरून माणूस लगेच सापडतो," पोलीस म्हणाला.



"लंगडायचे हो," ती म्हणाली. "आता चारचौघांसारखे चालतात."